माझं जन्मवजन तीन किलो नव्हतं

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथेच लिहितेय.

वाघोडियाच्या आमच्या कंपनीतल्या तपासणीत माझी शुगर वाढलेली निघाली. वय छत्तीस, अंगाने काडी! आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेन, जन्म वखते वजन केटलुं हतुं?"

मी म्हटलं, तीन किलो. घरात तेच ऐकत आलेय.

"नक्की ना? कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी शुगर, बीपीचा धोका थोडा जास्त असतो. होईलच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं."

दवाखान्यातून बाहेर येऊन दांडिया बाजारातल्या आईला फोन लावला. माझं खरं वजन किती होतं, विचारलं.

"अगं, पावणेदोन होतीस. माझ्या सासरच्यांनी नावं ठेवली असती, म्हणून तीन सांगितलं."

मी भडकले. "इतकी वर्षं लपवलंस?"

"आणि तू चिऊचं किती सांगितलंस?"

मी फोन ठेवला. पाच वर्षांपूर्वी याच ग्रुपवर मी लिहिलं होतं, "मुलगी झाली, तीन किलो!" तुम्ही सगळ्यांनी अभिनंदनही केलं होतं.

माझी चिऊ दोन किलोची होती.

खरं सांगा, तुमच्या घरातल्या बाळाचं वजन किती होतं?