मासे जेवल्याशिवाय

जगात पाहुण्यांना जेवू घालणारी माणसं पुष्कळ असतील. पण माशांची पंगत बसवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे मलकापूरचे आमचे घरमालक काका. मी बीबी या आमच्या गावाहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे खोली घेऊन राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शहरात बहुतेक असंच वागत असतील, असं मला सुरुवातीला वाटलं.

काकांच्या ओसरीवर काचेची पेटी होती आणि तिच्यात केशरी मासे. संध्याकाळी काका हातपाय धुऊन, खांद्यावर दुपट्टा टाकून पेटीपुढे उभे राहत, चमच्याने काचेवर टकटक करत आणि लग्नातल्या यजमानासारखी आरोळी ठोकत, "चाला जी, पानं वाढली! बसून घ्या!" मासे खरोखर वर येत. मग चिमूटभर खाणं सोडून "घ्या अजून, लाजू नका" असा आग्रह सुरू होई. दुसरी चिमूट मात्र कधीच पडत नसे. मी एकदा भीतभीत कारण विचारलं. "आग्रह तोंडानं कराचा बे, हातानं नाही. जास्त खाल्लं त मरतीन ते!" पाहुण्यांआधी यजमानाने घास घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत काका माशांच्या बाबतीतही पाळत. म्हणूनच लेकीच्या लग्नानंतर नागपूरला तिच्याकडे ते एकदाही मुक्कामाला गेले नव्हते. ताई फोनवर रुसायची, "बाबा, माशायपेक्षा मी परकी झाली का?"

एका उन्हाळ्यात परीक्षेमुळे मी सुट्टीतही मलकापुरात थांबणार होतो. चमचा माझ्या हाती देऊन काका एकदाचे नागपूरला गेले. पहिल्याच संध्याकाळी मी चिमूट सोडली, पण मासे पेटीतल्या झाडाच्या आडून हलेनात. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"मासे जेवले का रे? बाबा ताटावर बसून आहेत. कधीची वाट पाहून राह्यलो आम्ही."

हो म्हणून टाकायला हवं होतं, जमलं नाही. काकांनी फोन घेतला. "आरोळी देली का?"

"मनात दिली, काका."

"मनातल्या बोलावण्यानं कोणी येते का बे? लाजून काऊन राह्यला? यजमानच लाजला त पाहुणा उपाशी उठते!"

वर्गात हजेरीलाही माझा आवाज कधी शेवटच्या बाकापर्यंत पोचला नव्हता. पण तिकडे ताईने पहिल्यांदाच वडिलांना वाढलेलं ताट निवत होतं. मी काचेवर टकटक केली, डोळे मिटले आणि ओरडलो, "चाला जी, पानं वाढली!"

भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोणाचं लगन हाय वो?"

डोळे उघडले तर मासे वर आले होते. "जेवले, काका!" पलीकडून पापड मोडल्याचा आवाज आला आणि ताई हसली.

आता काका नागपूरलाच असतात. मासे पाण्याच्या बरणीतून, त्यांच्या मांडीवर बसून रेल्वेने गेले. मी पुढच्या शिक्षणासाठी दूरच्या शहरात आहे. इथे जेवायला कोणी हाक मारत नाही. भूक लागली की आपण खाली उतरून खानावळीत जायचं, किंवा नाही जायचं. परवा मी असाच न जेवता खोलीत पडलो होतो, तेव्हा ताईचा फोन आला.

"बाबा ताटावर बसून आहेत रे."

"का? मासे जेवले नाहीत का?"

"मासे कधीचे जेवले. तुझं विचारून राह्यले."