पाणी न पिणारा मौला ड्रायव्हर

सन चौऱ्याहत्तरच्या सुमाराला मोडनिंबहून सोलापूरला जाणारी सकाळची यष्टी मौला ड्रायव्हर चालवायचा. धिप्पाड गडी, तेल पाजलेल्या मिशा, आणि अभिमान एकच: आपली गाडी कुणाच्या लघवीसाठी वाटेत थांबत नाही. म्हातारे विनवायचे. मौला म्हणायचा, "मला कवा उतरताना बघितलंय?" उतरेल कसा? वैशाखात डांबर पाघळायचं, शेजारी इंजिन भट्टीसारखं धगधगायचं, तरी हा दिवस मावळेपर्यंत पाण्याला शिवत नसे.

मग एके दिवशी त्याच्या पाठीत कळ उठली. एवढा मोठा गडी, घोंगडीसारखा दुमडला.

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडात खडा आहे. बरगड्यांच्या खालच्या बाजूला, पाठीत, दोन मूत्रपिंडं असतात. घडण घेवड्याच्या दाण्यासारखी, पण मुठीएवढी. प्रत्येकात दहा-एक लाख बारीक गाळण्या. रक्त तिथं गाळलं जातं. कामाचं पाणी, साखर, मीठ परत रक्तात जातं, घाण लघवीत उतरते. दिवसाला डझनभर घागरी गाळून होतात."

"डझनभर? मी तर तांब्याभर पितो, साहेब."

"तेच पाणी फिरून फिरून गाळलं जातं. तुम्ही पाणी कमी पिता, म्हणून लघवी घट्ट होते, क्षार साचतात, त्याचा खडा होतो. बारीक आहे, भरपूर पाणी प्या, पडून जाईल. नाहीतर कापावं लागेल."

कापायचं म्हटल्यावर मौलाचं तोंड उतरलं. पुन्हा कामावर रुजू झाला त्या सकाळी त्यानं दोन तांबे रिचवले आणि गाडी काढली. मोहोळ लांबच होतं, तोवर तो सीटवर वळवळू लागला.

त्याच्या मागच्याच बाकावर वांगी विकायला निघालेली गोजरबाई होती. "मौलाभाई, आज गाडीपरीस तुमीच जास्त हालताय की."

"रस्ता खराब हाय."

"रस्ता कालचाच हाय."

बाभळीपाशी गाडी थांबली. मौला गेला, आला, आणि दारात उभा राहून सगळ्यांना समजावू लागला, "पाठीत दोन गाळण्या असत्यात. त्यास्नी पाणी लागतं. मग थांबावं लागतं."

"व्हय का?" गोजरबाई म्हणाली. "आन् आमच्या पाठीत काय भुसा भरलाय?"

मौलानं मिशी चाचपली. मग खाली मान घालून म्हणाला, "उतरा."

तेव्हापासून गाडी रोज बाभळीपाशी थांबू लागली. मौलाच्या खड्याची काळजी आता सगळ्या गाडीला लागली होती. एका सकाळी तो बाभळीमागून घामाघूम, पण हसत आला. गोजरबाईनं खिडकीतून तोंड काढलं.

"पडला?"

"पडला."

"मग हाणा की गाडी. बाजार उठंल."