अमरवेलीचा कागद

कॉलेजच्या वनस्पती विभागात वाळवलेली झाडं डिंकाने कागदावर चिकटवायचं काम तो सव्वीस वर्षं करत होता. पोरं त्याला चिकटकाका म्हणत. "माझं चिकटवलेलं सुटत नाही," तो सांगायचा, "माझं लग्नच बघा ना."

घरी बायको नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला उठवणं-बसवणं, भरवणं सगळं तोच करी, आणि कुरकुर म्हणाल तर नाव नको. कुरकुरायची ती त्याची थोरली बहीण. एकदा तो औषधं आणायला गेला असताना ती शेजारणीला म्हणाली, "अमरवेल आहे नुसती. वाळवून टाकलं माझ्या भावाला." बहीणबाईंचा आवाज खणखणीत, आणि मधली भिंत पातळ.

त्या संध्याकाळी बायकोने त्याला विचारलं, "अहो, अमरवेल कशी असते हो?"

नऊ वर्षांत तिने त्याच्या कामातलं काही विचारलं नव्हतं. गडी खूश. तिला उशीला टेकवून बसवलं आणि लागला सांगायला.

"आपल्याच मातीतली, पण मातीशी नातं नाही बघ. बी रुजलं की इवलंसं मूळ फुटतं, ते काही दिवसांत मरतं. तेवढ्यात शेजारचं झाड गाठायचं. गाठलं की त्याला वेढे घालायचे, खोडात बारीक मुळं रुतवायची आणि त्याचाच रस प्यायचा. पानं म्हणावीत तर नाहीतच. नुसते पिवळे दोरे."

"आणि ते झाड?"

"वाळत जातं बिचारं."

"मग काय करतात?"

"वेल काढून टाकतात. वेळेत काढली तर झाड पुन्हा तरारतं."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिची भूक गेली. दोन घास झाले की तोंड फिरवायची. त्याने विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, डॉक्टरांनीही हात टेकले. दोन महिन्यांत ती गेली.

बहीण आली ती रडतच. "मी तिला अमरवेल म्हटलं होतं रे. ऐकलं असेल का तिने?"

त्याला त्या संध्याकाळचा तिचा प्रश्न आठवला.

कामावर परतला तेव्हा टेबलावर नेमकी अमरवेलच होती. विभागात नव्याने आलेल्या बाईंनी झाडावरून सोडवून नुसते दोरे वाळवून आणले होते. त्याने ते परत केले.

"अमरवेल एकटी चिकटवत नाहीत, बाई. जिच्यावर होती ती फांदीही लागते. दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर. नाहीतर कागद बाद."

सव्वीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला त्याने हे सांगितलं होतं.

"घरी तेवढं सांगायचं राहिलं," तो म्हणाला, आणि डिंकाचा ब्रश हातात धरून ढसाढसा रडू लागला.