डॉक्टरांची मतं सगळ्यांना पटायची

दातांच्या डॉक्टरांचा जन्मभर एक गोड गैरसमज होता. आपलं बोलणं सगळ्यांना पटतं, असं त्यांना वाटायचं. आणि का नाही वाटणार? एवढ्या वर्षांत त्यांना कुणी उलटून बोललं असेल तर शपथ! आता समोरच्याच्या तोंडात एका बाजूला कापसाचा बोळा, दुसऱ्या बाजूला आरसा आणि जिभेखाली लाळ ओढणारी नळी असताना माणूस उलटून बोलणार तरी कसा, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. हुशार माणसांचं असंच असतं. जे शेंबड्या पोराला कळतं, ते नेमकं त्यांच्या नजरेतून सुटतं.

दवाखाना चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. अरुंद लाकडी जिना. त्याचा कठडा घाबरलेल्या माणसांनी धरून धरून गुळगुळीत केलेला. वर गेलं की लवंगेच्या तेलाचा वास नाकात शिरायचा आणि अर्ध्या लोकांची दुखणारी दाढ तिथल्या तिथे बरी व्हायची. ‘उद्या येतो हं डॉक्टर,’ म्हणून ते वळायला लागायचे. डॉक्टर त्यांना दंडाला धरून आत न्यायचे, पायाने पंप मारून ती अवजड लोखंडी खुर्ची वर घ्यायचे आणि भुलीचं इंजेक्शन देऊन तोंडात बोळा कोंबायचे. मग हिरडी बधिर होईपर्यंत जी काही मिनिटं मिळायची, त्यात ते सगळं जग बोलायला घ्यायचे.

माणूस चंद्रावर उतरला त्या आठवड्यात ते प्रत्येकाला सांगत होते, “गेले ते चांगलं झालं हो. पण तिथे एखाद्याची दाढ ठणकायला लागली तर? याचा कुणी विचार केलाय का?” खुर्चीतला माणूस म्हणायचा, “आं…” डॉक्टर म्हणायचे, “बघा! तुम्हालाही पटलं.”

टीव्ही आला तेव्हा त्यांचं मत पडलं की हा डबा घराचं वाटोळं करणार. “रेडिओ बरा होता. कान तिकडे, पण डोळे माणसांकडे असायचे. आता सगळे भिंतीकडे तोंड करून बसणार, शिक्षा झाल्यासारखे.” हे बोलून झाल्यावर दोनच महिन्यांत त्यांनी स्वतः टीव्ही घेतला, ती गोष्ट वेगळी. सिनेमाला जायचे ते दात बघायला. नायिका रडायला लागली की शेजारचे रुमाल काढायचे आणि हे तिच्या वरच्या दाढेतलं सिमेंट बघायचे. “पूर्वीच्या नट्यांचे दात जरा मागेपुढे असायचे,” ते म्हणायचे, “म्हणून हसू त्यांचं स्वतःचं वाटायचं. आता सगळ्यांचं हसू एकाच कारखान्यातून येतं.” कॅल्क्युलेटर आला तेव्हा म्हणाले, पाढे आणि दात रोज घासले नाहीत तर दोन्ही जातात. आणि मोबाइल? मोबाइल म्हणजे खिशात सासू. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, परत कधी येतोस!

लोक आं करायचे, ऊं करायचे, डोळे मोठे करायचे. मग डॉक्टर म्हणायचे, “थुंका,” आणि विषय संपायचा. सुजलेला ओठ घेऊन वाद घालायला कोण थांबणार? जिना उतरून जो तो आपापल्या घरी पळायचा.

बाहेर एवढी टकळी चालवणारा हा माणूस घरी आला की मात्र अळीमिळी गुपचिळी. बूट काढायचे, हात धुवायचे, पेपर तोंडासमोर धरायचे. जेवताना ‘मीठ दे’ आणि ‘पुरे’, एवढंच बोलणं. दिवसभराचा साठा संपलेला असायचा.

आणि त्यांची बायको? ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. त्या काळी नंबर लावायला मध्ये माणूस लागायचा. एका लांबलचक खोलीत बायका ओळीने बोर्डासमोर बसायच्या, कानाला हेडफोन, हातात वायर. ही वायर या भोकात, ती त्या भोकात, की दोन माणसं जोडली गेली. स्वतः बोलायचं ते इतकंच, ‘नंबर?’, ‘बोला’ आणि कुणी विचारलीच तर वेळ. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणी नोकरी सोडली, कोण कुणावर रुसलंय, सगळं कानावर पडायचं, पण हूं की चूं करायची सोय नव्हती. मागे सुपरवायझरबाई फेऱ्या मारत असायच्या. ती घरी यायची तेव्हा तिच्या पोटात दिवसभराचं न बोललेलं बोलणं उसळत असायचं, आणि समोर हे, पेपरच्या मागे. विधात्याने जोडी जुळवताना डुलकी काढली होती, दुसरं काय!

तिला खरं लागायचं ते दुसरंच. दूध आणायला गेली की बायका म्हणायच्या, “तुमचे मिस्टर किती छान बोलतात हो! दाढ कधी निघाली कळलंसुद्धा नाही.” ती पहिल्यांदा दचकलीच होती. “कोण? आमचे?” असं तिच्या तोंडून निघूनही गेलं होतं. पुढे ती नुसती हसायची. पण घरी येताना पिशवी जड व्हायची.

मग वर्षं निघून गेली, जातात तशी. एक्स्चेंजमध्ये आपोआप नंबर लावणारी यंत्रं आली, बायकांना उठवून बिलांच्या खात्यात बसवलं. मुलगा शिकून दूर गेला, तिकडचाच झाला. आणि एक दिवस डॉक्टरांच्या लक्षात आलं की आरसा धरताना आपला हात थरथरतोय. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. एका तरुण डॉक्टरणीला दवाखाना दिला आणि घरी येऊन बसले.

घरी बसल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना पेपर खाली ठेवून ते म्हणाले, “अगं, ही बोलणारी यंत्रं निघालीत म्हणे आता. आपण प्रश्न विचारायचा, ती उत्तर देणार. माणसाचा मेंदू गंजणार बघ.”

आणि ते थांबले, सवयीने, आं ऐकायला.

“का गंजेल?” बायको म्हणाली. “लोक फोनवरून मला वेळ विचारायचे, तेव्हा कुणाचा मेंदू गंजला? उलट ज्याला काही विचारायला कुणीच नसतं, त्याचा गंजतो.”

डॉक्टरांनी पुढे सिनेमा काढला, तर तिचं म्हणणं की पूर्वीचे सिनेमे आपल्याला चांगले वाटतात ते आपण तेव्हा तरुण होतो म्हणून. चंद्र काढला, तर ती म्हणाली, दाढेचं सोडा, वर गेलेल्या माणसाला पहिली आठवण घरी फोन करायची झाली असेल, ते बघा. ज्या विषयाला हात घालावा, त्यावर हिचं मत तयार!

“एवढी मतं ठेवली कुठे होतीस इतकी वर्षं?”

“होती की इथेच. तुम्ही पेपर खाली कधी ठेवलात?”

आता खरं सांगायचं तर ती त्या दिवसांत फार सुखात होती. सकाळी लवकर उठून चहा टाकायची आणि आज कशावरून भांडण काढतील म्हणून वाट बघायची. नवरा बोलत होता! तिच्याशी! सत्तरी उलटल्यावर का होईना, घरात दोन माणसांचे आवाज येत होते. पण डॉक्टरांना ते सुख दिसेल तर ना. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. वादात हरायची सवयच नव्हती बिचाऱ्यांना. त्यांना आपली खुर्ची आठवायची, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन, कपाटावरचा बारीक आवाजातला रेडिओ, आणि मान डोलावणारी ती गुणी माणसं. काय दिवस होते!

एकदा असाच वाद पेटला. विषय अगदी फुटकळ, लोक आजकाल आपल्याच जेवणाचे फोटो का काढतात. डॉक्टर हरत आले आणि भडकले. “जन्म गेला माझा दवाखान्यात! हजारो माणसांशी बोललो. एकानेसुद्धा कधी ‘नाही’ म्हटलं नाही मला!”

बायकोला हसू आवरेना. “अहो, म्हणणार कसे? बोळे होते त्यांच्या तोंडात!”

ती हसली आणि लगेच तिला कळलं की हे बोलायला नको होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. म्हणजे त्या सगळ्या माणसांपैकी कुणालाच काही पटलं नव्हतं? आपण जन्मभर आडात तोंड घालून ओरडत होतो की काय? आणि लोक बिचारे खुर्ची सोडून पळता येत नाही म्हणून ऐकत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर परत वर गेला. ‘मीठ दे’ आणि ‘पुरे’. तिने मुद्दाम वेडंवाकडं काहीतरी म्हणून पाहिलं, चिमटे काढून पाहिले, दाताच्या कण्या केल्या. पेपर हलला नाही. एवढ्या वर्षांनी हाती आलेला माणूस तिने एका वाक्यात घालवला होता. घर पहिल्यासारखं झालं, आणि पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता आपण काय गमावलंय हे तिला ठाऊक होतं.

अशात डॉक्टरांचीच दाढ दुखायला लागली. आठवडाभर त्यांनी अंगावर काढलं आणि शेवटी निमूटपणे आपल्याच जुन्या दवाखान्याचा जिना चढले. आत सगळं पांढरं, गार. लवंगेचा वास नाही. खुर्ची बटणावर आपोआप मागे गेली. डॉक्टरीण हाताची हुशार, तोंडावर मास्क, समोर भिंतीवर पडदा. “सर, काही बघायचंय का?” एवढं विचारून तिने काम सुरू केलं. पडद्यावर मासे पोहत होते. भूल चढायची वाट बघत डॉक्टर पडून राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हातांनी खुर्ची आवळून धरलीय. भीती वाटत होती. जन्मभर हेच काम करून भीती वाटत होती! कुणीतरी काहीतरी बोलावं, अगदी मूर्खासारखं बोललं तरी चालेल, असं त्यांना फार वाटलं. मासे इकडून तिकडे गेले. दाढ निघाली.

घरी आले ते गाल सुजवून, दातांत कापूस धरून. बायकोने दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं, उशी दिली. स्वतः समोर बसली. आणि बोलायला लागली.

“आता तुम्हाला बोलता येणार नाही, तेव्हा मी बोलते. एकदा काय ते बोलून टाकते. लग्नाला तीनचार वर्षं झाली होती. सगळ्या बायका सांगायच्या, डॉक्टर काय बोलतात, डॉक्टर काय हसवतात. मला वाटायचं, मला का नाही? मी काय पाप केलंय? मग एक दिवस एक्स्चेंजमधून अर्धी सुट्टी काढली, चांगली साडी नेसले आणि तुमच्या दवाखान्यात आले. दाढ दुखते म्हणाले. काही दुखत नव्हती. मला तुमचं बोलणं ऐकायचं होतं हो.”

डॉक्टरांना आठवलं. हिरवी साडी होती.

“माझ्याआधी एक म्हातारी होती आत. तिच्याशी गप्पा चालल्या होत्या, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. मनात म्हटलं, आता आपला नंबर. मी खुर्चीत बसले आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. एक अक्षर! तोंडात आरसा घालून बघत राहिलात, बघत राहिलात, आणि मग म्हणालात, तुला मी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे! परक्या म्हातारीला सगळं जग सांगायचं, आणि बायकोला दुसरीकडे पाठवायचं. त्या जिन्यावरून उतरताना मी कशी उतरले, माझं मला माहीत. त्या दिवसापासून मी काही मागितलं नाही तुमच्याकडे. आणि आता कुठे चार दिवस बोलायला लागला होतात, तर मीच माझ्या जिभेने…”

पदराने डोळे पुसत ती मान खाली घालून बसली.

डॉक्टर उठले. मोरीपाशी जाऊन त्यांनी कापूस थुंकून टाकला. रक्त आलं. “अहो, काय करताय!” म्हणत ती धावली, पण त्यांनी तिचा हात धरला. जीभ लाकडासारखी झाली होती, ओठ एकीकडे ओघळला होता.

“लोक घाबरलेले असायचे,” ते म्हणाले. शब्द जाडेभरडे, अर्धे लाळेत बुडालेले. “म्हणून बोलायचो. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. मला काय करायचंय चंद्राशी? तू आलीस, तेव्हा मीच घाबरलो. दाढेत काही सापडेना. वाटलं, माझ्या हातून चुकतंय. तुला लागलं तर? तुझ्या तोंडात चिमटा घालायची माझी छाती झाली नाही. म्हणून पाठवलं.”

त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ते तिने पदराने पुसलं.

“काय म्हणालात?” ती म्हणाली. “नीट कळलं नाही. परत सांगा.”

सगळं कळलं होतं तिला. शब्दन् शब्द कळला होता.

डॉक्टरांनी परत सांगितलं. आणखी हळू, आणखी सविस्तर.

“परत सांगा,” ती म्हणाली.