आइस्क्रीमवाल्यांच्या घरचं मीठ

पॉटवाल्या मावशींचा उजवा दंड डाव्यापेक्षा दीडपट जाड होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं त्यांनी आइस्क्रीमच्या पॉटचं हँडल फिरवलं. मधे दुधाचा डबा, भोवती लाकडी पिंपात बर्फ आणि जाडं मीठ. नुसत्या बर्फाने दूध गार होतं, गोठत नाही. त्याला मिठाचा कडाका लागतो, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. दुसरा नियम सासूबाईंनी घालून दिलेला: एकदा फिरवायला घेतलं की मधे थांबायचं नाही. थांबलं की आइस्क्रीम रवाळ होतं. दारात पाहुणे येवोत की घरात भांडण होवो, मावशींचा हात थांबत नसे. तोंड मात्र दोन्हीकडे चालू असे.

मिठाची पोती मागच्या दाराशी रचलेली असत. पोतं हाताशी, म्हणून स्वयंपाकघरातली बरणीही त्यातूनच भरायची. सुनेने नवी असताना सामानाच्या यादीत मिठाचं पाकीट लिहिलं, तेव्हा मावशींनी हसत त्यावर काट मारली. अंगणात विहीर असताना कोणी पाणी विकत आणतं का, म्हणाल्या. सून समजूतदार होती, तिने पुन्हा लिहिलं नाही.

सुनेला तिसरा महिना लागला तेव्हा दवाखान्यातली सिस्टर घरी आली. वजन झालं, खाणंपिणं विचारून झालं. सून म्हणाली, फार थकायला होतं आणि सारखी थंडी वाजते. आइस्क्रीमच्या घरात थंडी नाही वाजणार तर काय, मावशींनी परस्पर उत्तर दिलं. सिस्टर हसली, पण तिने चमचाभर मीठ मागितलं आणि पिशवीतली छोटी बाटली काढून त्यावर थेंब टाकला. मीठ पांढरं ते पांढरंच राहिलं. यात आयोडीन नाही, ती म्हणाली.

मावशींना ते झोंबलं. तुमची बाटलीच शिळी असेल, म्हणाल्या. मग शेजारणीकडून पाकिटातलं मीठ आणवलं. त्यावर थेंब पडताच ते शाई सांडल्यासारखं जांभळं झालं.

सिस्टरची नजर आता मावशींच्या गळ्यावर होती. तिथे लिंबाएवढा फुगवटा होता. मावशींनी पदर सारखा केला. हा आमच्या घराण्याचा गळा आहे, त्या म्हणाल्या, माझ्या सासूबाईंचाही अस्साच होता.

"मावशी, सासूचा गळा सुनेला वारशाने कसा येईल?"

मावशींनी फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे पाहिलं. सासूबाई आणि त्या, दोघींचं रक्त वेगळं, माहेर वेगळं. एक फक्त बरणी होती. आणि आता त्याच बरणीतलं तिसरी खात होती. तिच्या पोटात चौथं.

"बाळाचं काय?" त्यांनी विचारलं, आणि तेवढंच विचारलं.

सिस्टरने चटई जवळ ओढून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी आयोडीनवर चालते. बाळाची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागेपर्यंत त्याचं सगळं आईच्या जिवावर, आणि त्याचा मेंदू याच महिन्यांत घडत असतो. घाबरून उपयोग नाही, वेळेत कळलंय. उद्याच रक्त तपासू, डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घेऊ. आणि मावशी, तुमचाही गळा दाखवायचा.

त्या संध्याकाळी मावशींनी बरणी पोत्यात रिकामी केली, पाकीट आणलं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून चुलीच्या वाफेपासून दूर ठेवलं. राहिलेली कसर भरून काढायची म्हणून रात्रीच्या भाजीत दुप्पट मीठ घातलं. मुलगा तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिला. दुसऱ्या दिवशी सिस्टरने समजावलं, मीठ जास्त नको, मीठ योग्य हवं. पोत्यांवर मावशींनी खडूने मोठ्ठं लिहून ठेवलं: पॉटचं. माणसांचं नाही.

सुनेची ग्रंथी मंदावलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मावशींच्या गळ्यात काळजीचं काही निघालं नाही. पण पुढचे सहा महिने हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला त्या मनात देवाचं नाव घेत. काटही मीच मारली, आता सावरून तूच घे, एवढंच त्यांचं मागणं.

नात झाली. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं, ठीक आलं. सगळे निर्धास्त झाले, मावशी सोडून. पोरगी मान कधी धरते, हाकेला वळते का, उभी कधी राहते, याची त्या सिस्टरपेक्षा कडक तपासणी घेत. शेजारीण म्हणे, मावशी, पोरीला परीक्षेला बसवणार की काय. एकीकडे त्या नातीला कडेवर घेऊन रोज पोत्यापाशी नेत आणि सांगत, हे पॉटचं, आपलं नाही. तिला काय कळतंय, मुलगा म्हणायचा.

पोरगी पावणेदोन वर्षांची असताना एका दुपारी डब्यातलं मीठ संपलं. मुलगा आळशी, वाटी घेऊन सरळ पोत्याकडे निघाला. मावशी पॉट फिरवत होत्या, त्यांची पाठ तिकडे. नात खेळायला मांडलेल्या भांड्यांतून उठली, डुलत डुलत गेली आणि बापाची विजार धरून ओढू लागली.

"पॉतचं," ती दरडावून म्हणाली. "आपं नाई."

हँडल थांबलं. तीस वर्षांत पहिल्यांदा थांबलं. मावशी ओल्या हातांनीच धावल्या, तिला उचललं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या. सून स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत हसत होती. मुलगा वाटी घेऊन गुपचूप दुकानाकडे निघाला.

त्या दिवशीचं आइस्क्रीम रवाळ झालं. मावशींनी ते गल्लीत फुकट वाटलं, आणि का रवाळ झालं ते प्रत्येकाला न विचारता सांगितलं.