लिंबाजीमामांची टँकरची वेळ

लिंबाजीमामा गेल्याचं त्यांच्या शेजारच्या कौसाबाईंनी मला केसपेपरच्या खिडकीतूनच सांगितलं. त्याला आता दीड महिना झाला. मंगळवारच्या बीपीवाल्यांच्या यादीत त्यांचं नाव मी नेहमीसारखं शेवटी लिहून ठेवलं होतं...

शिरूर कासारच्या बाजूला आमचा दवाखाना. मी तिथे केसपेपर काढते, आणि याद्या करणं हा माझा स्वभावच. यंदाच्या दुष्काळात तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, ओपीडीत सगळी म्हातारीच. त्यांना ताटकळावं लागू नये म्हणून मी वयाप्रमाणे नंबर लावले. यादी चोख होती. तरी रोज चार-सहा जण डॉक्टरांना न दाखवताच उठून जायचे. का, ते मला कळेना. साखरेचा आजार असलेली एक आजी दोनदा अशीच गोळ्यांवाचून गेली आणि तिसऱ्यांदा चक्कर येऊन पायरीवर पडली.

मामा बाकावरून हे बघत होते. गावच्या दूध सोसायटीत त्यांनी जन्मभर दूध गोळा केलं. चारा संपला, जनावरं विकली गेली, डेअरीला कुलूप लागलं. ते म्हणाले, "ताई, वय कावून इचारता? टँकर कवा येतो ते इचारा."

नंबराचा आणि टँकरचा काय संबंध, असं मी विचारलं.

"घरी घागर लावायला दुसरं हाय कोन? टँकर हुकला की दोन दिवस पानी न्हाई. म्हातारी बीपी बघंल का पानी?"

मी यादी नव्याने केली. ज्याचा टँकर आधी, त्याचा नंबर आधी. उठून जाणं जवळपास थांबलं. मामांचा टँकर मात्र संध्याकाळचा, म्हणून ते शेवटी. दुपारपर्यंत बाकावर बसून ते एकेकाला विचारत राहायचे, पोरगा कुठल्या कारखान्यावर, म्हैस कुणाला दिली...

मामा गेल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा दारातलं पिंप पाहून मी कौसाबाईंना सहज टँकरची वेळ विचारली.

"सकाळी धाला. त्यांच्या घागरी मीच भरून ठिवायचे."

मग मला संध्याकाळ का सांगायचे? कौसाबाई हसल्या. "डेअरी बंद झाल्यापासून बोलायला कुनी न्हवतं त्यास्नी. लवकर नंबर लागला तर लवकर घरी यावं लागंल, म्हनायचे."

माझ्या यादीत असा रकानाच नव्हता.

आता टँकरची वेळ लिहून झाली की मी आणखी एक विचारते, घाई आहे का? परवा त्या साखरेच्या आजीने मान हलवली. "न्हाई बाई, बसते जरा," म्हणाली, आणि मामांच्या जागेवर जाऊन टेकली. मी तिचं नाव शेवटी लिहिलं.