टमाट्याचा डाग

टमाटे तोडले की हात आधी हिरवे होतात, मग काळे पडतात. झाडाचा तो चिकटा साबणाने जात नाही. आमच्या घरी एकच उपाय होता, कच्चं टमाटं हातावर चोळायचं. तरी नखांच्या कडा काळ्या राहायच्याच. शेलूबाजारच्या बाजारात आमच्या वाडीचा भाजीपाला विकून माझं कॉलेज झालं, आणि मला लाज वाटायची ती नेमकी त्या नखांची.

वाशिमच्या एका कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा मी आठ दिवस आधीच तोडणी बंद केली. मायला सरळ सांगून टाकलं, "माहे हात खराब होतात." ऐन हंगाम होता. माय एकटी क्रेट भरायची आणि मी आरशापुढे उभी राहून इंग्रजीत स्वतःची ओळख घोकायचे. तिने एकदाही कुरकुर केली नाही, हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

मुलाखतीच्या सकाळी कागद बाजेवर मांडून मी अंघोळीला गेले. परत आले तर सगळे कागद फाईलमध्ये नीट लावलेले. मला बरं वाटलं. मग जीपच्या थांब्यावर सहज फाईल उघडली, तर बारावीच्या मार्कशीटवर काळपट हिरवा अंगठा उमटलेला. माय मला पोचवायला आली होती, शेजारीच उभी होती.

"काहून हात लावला तुनं? असे हात घेऊन कोणी कागद धरते काय?"

थांब्यावर गावातली पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

"पंख्यानं उडून राह्यले होते, बाई," माय म्हणाली आणि तिने हात पदरात गुंडाळले. मी जीपमध्ये बसले. मागे वळून पाहिलं नाही.

मुलाखतीला समोर तिघं होते. त्यातले एक वयस्कर साहेब कागद चाळता चाळता थांबले. डागावर बोट ठेवून हसले.

"हा टमाट्याचा डाग आहे ना? घरी वाडी आहे वाटतं? आमचं सगळं काम भाजीवाल्या शेतकऱ्यांसोबतच आहे."

आठ दिवसांच्या घोकंपट्टीत हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, "नाही सर. झेरॉक्सच्या दुकानात लागला असेल."

"बरं. टमाट्याला काठ्या कधी लावतात, माहीत आहे?"

चौथीपासून मी त्या काठ्या रोवत आले होते. पण एकदा नाही म्हटल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगणार? "नाही, माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी माय दारातच होती.

"काय झालं?"

"नाही झालं."

तिने माझ्या हातातल्या फाईलकडे पाहिलं. "माह्या डागानंच गेली असंन," ती हळूच म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फाईल ठेवायला आत गेले. खरं सांगते, त्या वेळी मला हलकंच वाटलं, दोष दुसऱ्याच्या माथी गेला म्हणून. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

पुढे तीन-चार महिन्यांनी अकोल्याहून बोलावणं आलं. मी पुन्हा बाजेवर कागद मांडले आणि वेणी घालायला आत गेले. तेवढ्यात दारातून मायची हाक आली, "बाई, कागद उडून राह्यला तुहा. लवकर ये."

बाहेर येऊन पाहते तर मार्कशीट उडून तिच्या पायाजवळ पडलेली. माय दोन्ही हात पदरात घेऊन तशीच उभी होती. टमाट्याचा हंगाम कधीच संपला होता. तिचे हात स्वच्छ होते.